मिठाचं माप

अहो,

मी दोंडाईच्याला आईकडे चालले. तुमच्या लाडक्या फुग्या माशाची कोळंबी फ्रीजरमध्ये आहे. कवचासकट घाला, नाहीतर त्याचे दात वाढतात, हे तुम्हीच मला दहादा ऐकवलंय. माझी दाढ पंधरा दिवस ठणकतेय, ते एकदाही विचारलं नाहीत.

त्याच्या टाकीतलं मीठ तुम्ही रोज सकाळी मीटरने मोजता. मी तीन दिवस भाजीत मीठच घातलं नाही. तुम्ही टाकीकडे बघत मुकाट्यानं जेवलात.

आज ओट्यावर भरीत झाकून ठेवलंय. त्यात मीठ आहे की नाही, ते फोन करून सांगा. बरोबर सांगितलंत तर उद्याच्या गाडीनं परत येईन.

आणि त्यात मीटर बुडवू नका. खाऊन सांगा.

चारुलता