मधुरिमाचं नाक

रविवार, ९ नोव्हेंबर
आज पोह्याला बायका जमल्या. पहिली आली वसुधाच, माझी भाची, देपालपूरहून, नवं बाळ घेऊन. मागून तिची सासू. आल्याआल्या पोह्यावर सेव कमी म्हणाली. असू दे. बाळ बघून मला काय आनंद! लगेच तेल लावलं. नाक जरा चपटं, म्हणून चिमटीत धरून ओढलं. म्हटलं, आमच्या मधुरिमाचं तर बटाट्यागत होतं, रोज ओढून मी सरळ केलं. सगळ्या हसल्या. मधुरिमा, माझी नात, दारातच उभी. मास्क लावून खोलीत गेली, कडी लावली. आधीच उन्हाळ्यापासून नाकासाठी आरशापुढे असते, त्यात मी हे बोलले.

सोमवार
कॉलेज बुडवलं. विचारते, आजी, सच बोल, तिरकं आहे ना? म्हटलं, छान आहे. परत विचारलं, परत सांगितलं. तोंड दुखलं माझं. शेवटी सगळे आरसे पेटीत घातले. खतम विषय.
संध्याकाळी स्टीलच्या ताटात बघत होती. ताटंही पेटीत. सूनबाई पूर्वा म्हणते, आता जेवायचं कशात?

बुधवार
पूर्वा तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही गेले. त्या म्हणाल्या, आजीजी, हा नखरा नाही, आजार आहे. बॉडी की काय, लांब नाव आहे. आपल्याला न दिसणारं व्यंग तिला दिसतं, दिवसभर छळतं. इलाज आहे, वेळ लागेल. रूपाबद्दल बोलू नका, वाईट नको, छानही नको. विचारलं, माझ्यामुळे झालं का? म्हणाल्या, एका बोलण्यानं होत नसतं. बरं वाटलं. घरी येईपर्यंतच.
ठरवलं, नाकाचं नाव काढायचं नाही. सोपं आहे. आरसे परत लावले.

रविवार, १६ नोव्हेंबर
वसुधा आली, सासूही. मधुरिमा आपणहून बाहेर आली, मास्क नाही! बाळ मांडीवर घेतलं. माझे डोळे भरले. तिच्या सासूबाई नाकाच्या विषयावर येताहेत दिसलं, तर मीच त्यांच्या तोंडात लाडू कोंबला. जमलं मला! खुशीत म्हटलं, बघा, बाळाचे कान अगदी मधुरिमासारखे, गणपतीसारखे मोठे, भाग्याचे.
बाळ वसुधाकडे, मधुरिमा खोलीत. कडी वाजली.
मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे येईन, असं दाराआडून आईला म्हणाली.
वसुधा गुरुवारी परत येते म्हणाली. तेल पूर्वानंच लावावं, बाळ हातात आलं की माझं तोंड सुटतं.