बिना ऑइलचं पेट्रोल

शेखरदादा,

बाबांची जुनी चेनसॉ मी पुन्हा चालू केली. त्या मॉडेलचा पिस्टन रायपुरात कुठंच भेटला नाही. शेवटी अभनपूरच्या एका मिस्त्रीनं भंगारातल्या मशीनचा काढून देल्ला. आपला घासलेला पिस्टन पाहून तो म्हणाला, "दीदी, किसी ने बिना ऑइल का पेट्रोल डाला था."

मी तर नेहमी मापानं ऑइल मिसळायची. मग आठवलं. मशीन बंद पडली त्या दिवाळीत कडुनिंबाची फांदी कापाले तू आपल्या मोटरसायकलचं बिना ऑइलचं पेट्रोल काढून मशीनमधी टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीन चालू कराची दोरी मी ओढली, अन् जाम झालेली मशीन माझ्या हाती सापडली. "पोट्टीच्या हाती मशीन देल्ली, माझीच चूक," बाबा म्हणाले. तू बाजूले बसून चिवडा खात होता. वीस वर्षं त्यांनी मले पान्याले हात लावू देल्ला नाही.

आज मशीन धडधडली तसे बाबा खाटेवर उठून बसले. "शेखर आला काय? त्यानंच सुधारली असंन!"

इतके खुश दिसले, की मी हव म्हटलं.

हे पत्र तुले धाडत नाही. बाबांचा फोन येईन, शाबासकी घेऊन घे. तेव्हा चूप होता, तसाच आताही चूप राह्य.

तुझ्या नावावर मशीन सुधारणारी,
शर्मिष्ठा