मानसीचं माहेरचं नाव

१२ नोव्हें., बुध. आमोणे
मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओबाई मतदारांचे फॉर्म देऊन गेल्या. जुन्या, २००२च्या यादीत आपलं नाव शोधून क्रमांक लिहायचा. नाही लिहिला तर विधानसभेला मत नाही म्हणे. वाड्यावरचे सगळे माझ्याकडे. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे ना, मग मला सगळं ठाऊकच असणार!

१३ नोव्हें.
आठ घरांचे क्रमांक काढून दिले. ऐट काही विचारू नका. मग आमचं घर. मी आहे, आई-बाबा आहेत. बायको नाही. दोनदा पाहिलं. नाहीच.

१५, शनि.
चौकशी. पोदेर पाव देता देता म्हणाला, यादीत नाव नसलं तर रेशन बंद. दुकानात ऐकलं, आधार दाखवलं की काम झालं. भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं, दंड होणार. तिन्ही बातम्या एकदम खात्रीच्या. घरी येऊन मी म्हटलं, "होईल काहीतरी." मानसी भडकली. "दर वेळी उन्हात रांगेत उभी राहते मी. माझं मत जाणार आणि तुम्ही म्हणे होईल काहीतरी!" तिला दाखवलं नाही, पण घाबरलोय.

१६, रवि.
शेवटी बीएलओबाईंनाच फोन. लग्न यादीनंतरचं असेल तर माहेरच्या गावात शोधा, म्हणाल्या. एवढं साधं! बाईंना सोडून अख्ख्या गावाला विचारत फिरलो. इब्रामपूरची यादी उघडली. मानसी नाही. यादी करणाऱ्यांच्या नावाने शंख केला. मानसी शांतपणे नारळ खवत होती. "तिथं मानसी कशी असेल?"
अरे देवा. मानसी हे नाव मी ठेवलेलं. लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून. त्याआधीचं काय होतं?
"सांगणार नाही. आठवा."

त्याच दिवशी, संध्याकाळी
आठवेना. न्हाणीत दार लावून मेव्हण्याला फोन केला, हळू आवाजात. दत्तू तिकडून ओरडला, "भावोजी, इतकी वर्सां संसार केलात नि ताईचा नाव म्हायत नाय?" बाहेर सगळं ऐकू गेलं.
शेवंती.

१७, सोम.
सापडली. शेवंती, वडिलांच्या नावाखाली. बीएलओबाई म्हणाल्या, "शेवंती आणि मानसी एकच कशावरून?" मी सांगतो म्हणून, म्हटलं. ते चालत नाही. लग्नाच्या नोंदीचा दाखला हवा, दोन्ही नावं असलेला. उद्या पेडण्याच्या नोंदणी कचेरीत ती एकटीच जाणार. मी नको म्हणे.

२०, गुरु.
दाखला मिळाला. क्रमांक लिहिला. मत वाचलं! बाई म्हणाल्या, पुढे नाव बदलून हवं असेल तर वेगळा अर्ज करता येतो. "मानसीच राहू दे," मी म्हटलं. "तुम्हाला नाही विचारलं," बाई म्हणाल्या. बायकोने अर्जाचा कागद मागून घेतला.
जेवताना म्हणाली, "मानसी मला कधीच आवडलं नाही."
"मग बोलली का नाहीस?"
"विचारलं होतं कुणी?"
खरंच नव्हतं विचारलं.

२१, शुक्र.
अर्ज अजून फ्रिजवर. नावाची जागा कोरी. विचारायचं धाडस नाही. सकाळी चष्मा सापडेना, तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो.
"मारा की हाक," ती आतून म्हणाली. "बघू कुठल्या नावाला येते."
हे चष्म्याशिवाय लिहितोय.