माझी कंबर आणि तीन तज्ज्ञ

४ जून, सकाळी
कंबर आज जास्तच. निश्चय: उद्यापासून नाही, आजपासूनच व्यायाम. निळी मॅट आणलीच आहे. फिजिओबाईंनी सांगितल्याप्रमाणे पाठीवर झोपलो, गुडघे दुमडले. पुढची पायरी कंबर उचलण्याची. तेवढ्यात डोळा लागला. मॅट उत्तम आहे.

७ जून
ही म्हणाली, माळ्यावरची बॅग काढून द्या. हिला पुन्हा एकदा समजावलं, डॉक्टरांनी मला वजन उचलू नका म्हटलंय. ते 'फार जड वजन' म्हणाले होते. पण बायकोशी बोलताना इतक्या बारकाव्यात शिरू नये. स्टूल मात्र मी धरलं. म्हणजे धरणार होतो, तोवर ही बॅग घेऊन उतरली होती.

१२ जून
मोठी बातमी! हाडांचे डॉक्टर गावाच्या एका टोकाला, फिजिओबाई दुसऱ्या, आहारवाल्या मॅडम तिसऱ्या, ही वणवण संपली. तिघंही आता आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसणार. एकच कॉम्प्युटर, एकच फाइल. पेशंटला सगळीकडे तीच रडकथा सांगायला नको, अशी कल्पना.
कल्पना छान आहे. फक्त माझी कथा सगळीकडे 'तीच' नव्हती, एवढीच बारीक अडचण.

१३ जून, दुपारी
आठवून पाहिलं. हाडांच्या डॉक्टरांना: व्यायाम रोज करतो, काही उपयोग नाही. फिजिओबाईंना: डॉक्टरांनी पूर्ण आराम सांगितलाय. मॅडमना: पाखरासारखं खातो, वजन गोळ्यांमुळे वाढलं.
यात खोटं असं काही नाही. तीन तज्ज्ञ, तीन अँगल. तरी अंगात कसकस वाटतेय.

१८ जून
तिघांनी मिळून उद्या बोलावलंय. मिसेसनाही आणा म्हणाले. साहजिक आहे. केस गुंतागुंतीची असली की मोठे डॉक्टर असेच एकत्र बसतात. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१९ जून, संध्याकाळी
मीटिंग झाली. डॉक्टरांनी फिजिओबाईंना विचारलं, रोज व्यायाम करून यांना गुण कसा नाही? बाईंनी उलट विचारलं, तुम्ही पूर्ण आराम कशाला सांगितलात? मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मॅडमकडे बघितलं. त्या हिला विचारत होत्या, हे पाखरू नक्की खातं किती? हिने खरं ते सांगितलं. बायकांना वेळ-प्रसंग कळत नाही.
विषय बदलावा म्हणून हिला म्हणालो, एक्स-रे दाखव. हिने पाकीट दोन्ही तळव्यांत धरून काढलं, तरी निसटलं. फिजिओबाईंनी पाकीट उचललंच नाही. हिचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. हिच्या डोळ्यांत टचकन पाणी.
कधीपासून? तर म्हणे हिवाळ्यापासून. बरणी उघडत नाही, कपडे पिळवत नाहीत, सकाळी शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही.
मी म्हणालो, अगं, मला का नाही सांगितलंस?
ही म्हणाली, घरात एकाच पेशंटची जागा होती.
विनोद समजून हसलो. बाकी कुणी हसलं नाही.
घरी येताना फाइल मी धरली.

२० जून
हिच्या अंगठ्याला पट्टा. उचलणं, पिळणं, घासणं सगळं बंद. कामं कुणावर तरी सोपवावी लागणार. घरात कोण कोण आहे ते बघितलं. मी एकटाच सापडलो.

२७ जून
केर, भांडी, बादल्या. हे तात्पुरतं आहे, हे हिला दोनदा बजावलं. ओली चादर पिळायला इतका जोर लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ही हिवाळ्यापासून तसल्या अंगठ्याने पिळत होती. यावर फार विचार केला नाही. थोडा केला.
फिजिओबाईंकडे तक्रार केली, व्यायामाला आता वेळच मिळत नाही. त्या म्हणाल्या, चाललंय तेच चालू द्या.

११ जुलै
दवाखाना. आडनाव पुकारलं, सवयीने उठलो. बोलावणं हिला होतं. मी बाहेर, नातेवाइकांच्या बाकावर. अंगठ्याला उतार आहे म्हणाले. बरं वाटलं. खरंच. माझ्या कमरेची चौकशी मात्र कुणी केली नाही. फाइल एकच असून काय उपयोग!

१४ जुलै
कंबर तीन-चार दिवसांत दुखलेली नाही. हे कुणाला कळता कामा नये. उद्या हिचा पट्टा सुटला की मला ही कंबर लागणार आहे.
संध्याकाळी भरली बादली उचलून झटकन सरळ उभा राहिलो. ही दारातच होती. म्हणाली, अहो, आज कण्हायचं राहिलं तुमचं.
लगेच कण्हलो. पण ऐकायला ही थांबलीच नव्हती.