पूर न पाहिलेली गाडी

१४ जून, सकाळ
गाडी घ्यायचं नक्की. जुनी, पण निवडक. सांगलीत मात्र घ्यायची नाही. एकोणीसच्या महापुरात इथल्या कितीतरी गाड्या चार-चार दिवस पाण्यात बसून होत्या, आणि पॉलिश मारून अजून फिरताहेत. आपण साताऱ्याची घेणार. सातारा उंचावर आहे. पाणी वर चढत नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही, आश्चर्य आहे.

प्रीती म्हणाली, गॅरेजवाल्या गुंडाला बरोबर न्या. गुंडा हे त्याचं नाव, धंदा नव्हे. त्याची गरज नाही, हे बायकोला कसं सांगायचं? शाळेत एकवीस वर्षं हेडक्लार्क आहे मी. दाखल्यावरची खाडाखोड लांबून ओळखतो. गाडी काय चीज आहे! व्हिडिओ बघून तपासणीचे एकोणीस मुद्दे कागदावर उतरवलेत.

१७ जून
घेतली! पांढरी. एमएच-११, म्हणजे अस्सल सातारा. डीलर जयराजशेठ, कोरेगाव रस्त्यावर. फार सज्जन माणूस. गेल्या गेल्या कंदी पेढे. पहिला मालक डॉक्टर, फक्त दवाखान्यात जायला वापरायचे, असं म्हणाले. मीटर बरोबर चाळीस हजार. एवढा पूर्णांक मी प्रथमच पाहिला.

मुद्द्यांचा कागद खिशातच राहिला. समोरचा माणूस पेढा भरवत असताना खिशातून संशयाची यादी काढणं बरं दिसत नाही. इंजिन आधीपासूनच गरम होतं. आपल्यासाठी तयार ठेवलेलं. आत मोगऱ्याचा वास, इतका की लग्नाच्या मांडवाची आठवण झाली. कागदावर 'गाडी जशी आहे तशी' असं लिहून सही घेतली. म्हणजे डॉक्टरांनी ठेवली होती तशीच. आरसी बुक नावावर होऊन पंधरा दिवसांत घरपोच.

१८ जून
एसी लावला की मोगरा जातो आणि दुसराच वास येतो. प्रीतीने नाकाला पदर लावला. ती आधीपासूनच विरोधात होती.

२२ जून, रविवार
गाडी बसदीत, आमच्या जैन मंदिरात, नेऊन पूजा केली. पलूसहून मावसभाऊ आदगोंडा मुद्दाम आला होता. तीनदा गाडीभोवती फिरला. आवं दादा, लय झ्याक गाडी हाय, म्हणाला. त्याच्या बायकोच्या, शालनवहिनींच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी मिरजेला न्यावं लागतं, एसटीच्या पायऱ्या चढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. अशी एखादी मिळंल का, विचारत होता. मी म्हणालो, अशी मिळायला नजर लागते. डॉक्टरांबद्दलही सांगितलं. त्यांची एमडी मी माझ्याच मनाने जोडली.

२९ जून
कुपवाड रोडवर गाडी बंद. शेवटी गुंडाला फोन करावा लागला. त्याने इंजिन पाहिलंच नाही. सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढला. आतल्या पट्ट्यावर मातीची सरळ रेघ. मग डिकीत स्टेपनी उचलली. खाली चिकट काळा चिखल, वाळलेला. चिमटीत घेऊन चोळला आणि म्हणाला, साहेब, ही माती सातारची न्हाई. आपल्याच नदीची हाय. डॉक्टर म्हणा न्हाईतर कोण म्हणा, ही गाडी त्या साली हितंच कुठंतरी बुडली हुती.

म्हणजे सांगलीत बुडालेली गाडी साताऱ्याला गेली आणि मी जाऊन तिला परत माहेरी आणली.

हे कुणालाही सांगायचं नाही. प्रीतीला सांगावं लागलं, कारण गुंडाने गाडी दोरीने ओढून आमच्या दारात आणली, तेव्हा ती गॅलरीत उभी होती.

३० जून
जयराजशेठना सात फोन. सहा वेळा साहेब बाहेर गेलेत. सातव्यांदा स्वतः बोलले. साताऱ्यात पूर कधी आला वो, असं मलाच विचारलं. आणि सही कुणाची हाय त्या कागदावर? आवाज फार बदललेला वाटला. आरसी बुकाचा विषय मी काढला नाही, एकदम दोन विषय नकोत.

६ जुलै
सांगलीतल्या दुसऱ्या डीलरकडे गाडी दाखवली. त्याने सीटबेल्ट ओढला, हळूच सोडला आणि मला पाणी विचारलं. भाव काढलाच नाही. मीही पाणी पिऊन निघालो.

ठराव: ही गाडी ओळखीच्या माणसाला विकायची नाही. नातेवाइकाला तर मुळीच नाही. शेवटी तत्त्व म्हणून काही आहे.

१५ जुलै
आदगोंडाला दिली.

मी विकली नाही, त्याने मागितली. हा फरक आहे. गुंडाने वायरी बदलून दिल्यात, आठ दिवस एकदाही बंद पडली नव्हती. घेतल्या किमतीलाच दिली, वर एक पैसा घेतला नाही. दादा, एवढी चांगली गाडी का काढताय, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, प्रीतीला पांढरा रंग आवडत नाही. प्रीती तेव्हा चहा घेऊन आत आली. कप ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मला सांगायचं होतं. खरंच. तीनदा तोंड उघडलं. एकदा त्याने मला बिस्कीट हवंय असं समजून माझ्यापुढे बशी सरकवली.

वहिनींसाठी उशी आणली होती, ती जाताना मागच्या सीटवर मांडून गेला.

१६ जुलै
प्रीती बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. सकाळी एवढंच म्हणाली, त्या गाडीत शालन बसणार आहे. रविवारच्या आत सांगा. हो म्हणालो.

२० जुलै, रविवार
फोन केला. रेंज नव्हती. म्हणजे एकच रिंग वाजली आणि मी ठेवला. एका रिंगमध्ये माणूस उचलत नसेल तर आपण काय करणार?

२ ऑगस्ट
आदगोंडाचा फोन. मिरजेहून येताना गाडी बंद पडली. पाऊस. वहिनी काठी टेकत पेट्रोल पंपापर्यंत चालत गेल्या. तक्रार नाही, नुसतं सांगत होता. माझंच कायतरी चुकलं आसंल दादा, मला क्लच दाबायचं अजून नीट जमत न्हाई. मी म्हणालो, सरावाने येईल.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. लिहून ठेवतो, कारण प्रीतीला वाटतं मला काही वाटत नाही.

२८ ऑगस्ट
दशलक्षण पर्व सुरू. यंदा दहाही दिवस एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. शिवाय मार्ग सापडला. पर्व संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी वर्षभरातल्या चुकांची सगळेच सगळ्यांकडे क्षमा मागतात. त्यात आपलं सांगून टाकायचं. वेगळं सांगायला गेलो तर ते कबुलीसारखं दिसेल. प्रीतीला योजना सांगितली. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिने मला वरण विचारून वाढलं.

१ सप्टेंबर
आज पर्वातला उत्तम सत्याचा, म्हणजे खरं बोलण्याचा दिवस. बसदीतल्या प्रवचनाला गेलो नाही. पोट ठीक नव्हतं.

८ सप्टेंबर, सकाळी ७
क्षमावाणी. मेसेज तयार केला. 'वर्षभरात कळत-नकळत मन, वचन, कायेने आपलं मन दुखावलं असेल तर अंतःकरणपूर्वक क्षमा असावी.' खाली कमळाचं चित्र. दोनशे सहा जणांना पाठवला, आदगोंडा त्यात आलाच. त्याच्या मेसेजमध्ये शेवटी 'विशेषतः गाडीबद्दल' असं वेगळं लिहिलं होतं. मग वाटलं, एकालाच वेगळं लिहिणं म्हणजे बाकीच्या दोनशे पाच जणांवर अन्याय. ते शब्द काढले.

सकाळी ७.२०
दोन निळ्या खुणा. उत्तर आलं, हात जोडलेले. विषय संपला. नियमाप्रमाणे मागितली आणि मिळाली. प्रीतीला मोबाईल दाखवला. तिने वाचला आणि भाजी निवडायला बसली.

संध्याकाळी ५
आदगोंडा येऊन गेला. शालनवहिनींना घेऊन. एसटीने. आमचे दोन जिने त्या काठी टेकत चढल्या. मी वरून पाय वाजताना ऐकत होतो, आणि गॅस बंद आहे का ते बघायला आत गेलो.

बसल्याबसल्याच त्याने हात जोडले. दादा, मोबाईलवर मागून भागणारी ही क्षमा न्हवं, म्हणून समोर आलो, म्हणाला. पलूसच्या मिस्त्रीनं गाडी खोलली आणि ही पुरातली हाय, तुमच्या भावानं तुमास्नी फसवलं, असं सगळ्यांदेखत बोलला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याची क्षमा सकाळीच मागून आलो. पण त्या रात्री माझ्याबी मनात आलं दादा, तुमी फसवलं म्हणून. हिच्याजवळ बोललोबी. आठ दिवस मनात ते किल्मिष ठेवलं. मग ही म्हणाली, आवं, दादांस्नीबी कुणीतरी फसवलं आसंल, त्यांना कुठं गाडीतलं कळतंय. तवा मला लाज वाटली.

मी विचारलं, गाडी कुठे आहे. उसाच्या बांधाला उभी केलीया, म्हणाला. कुणाला द्यायची दादा? जाणूनबुजून कुणाच्या गळ्यात मारू?

आता सांगायचं होतं. याहून सोपं कधीच होणार नव्हतं. वाक्यसुद्धा तयार होतं, जवळजवळ दोन महिने घोटलेलं. प्रीती दारात उभी होती, हातात पोह्यांच्या बश्या, आणि ती त्या खाली ठेवायला तयार नव्हती. आदगोंडा हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तोंड उघडलं.

केली क्षमा, म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. उठून माझ्या पाया पडला. शालनवहिनीही उठल्या, पण गुडघ्यामुळे त्यांना वाकता येईना. त्याबद्दलही त्यांनी क्षमा मागितली.

तीही केली.