दगडूची मिशी

अंबड, नाशिक
२२ नोव्हेंबर २००४

ती. अक्का हिस,
खंडूचा सा. न. वि. वि.

तुझ्या सुनेचा, सविताचा फोन आला होता. म्हणाली, दारात आलेल्या बकरीला अक्का ‘या, बसा’ म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो, मग मला हसू येईना. डॉक्टरांनी बजावलंय, मोतीबिंदू लय पिकलाय, आणखी लांबवलं तर नजर हातची जाईल. आणि तू म्हणतेस, देवानं दिलेल्या डोळ्यात सुरी कशाला!

आता बातमी. लहानपणी बांधावर बसून ज्यांची पुस्तकं आपण फाटेस्तोवर वाचली, ते गुप्तहेर शेषराव नव्या सिनेमात आलेत. नाशकात लागलाय, मी दोनदा पाहिला. शेषराव मोबाईल वापरतात, पण ऐट तीच. त्यांचा जोडीदार दगडू तर अस्सल! तीच झुपकेदार मिशी, तीच बॅटरी. खुनी मात्र बदललाय. कोण, ते मरेस्तोवर सांगणार नाही. डोळा करून घे, मग तुझ्याशेजारी बसून तिसऱ्यांदा बघेन.

तुझ्या भावजयीचा, कुसाचा नमस्कार. लोभ आहेच, तो सिनेमा उतरायच्या आत वाढवावा.
तुझा खंडू

नामपूर
१ डिसेंबर २००४

चि. खंडूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे, सविता लिहिते आहे आणि मध्येच हसते आहे. बकरीचं खरं. पण ती चालते अगदी पाटलीणबाईसारखी, तूही उठून उभा राहिला असतास.

आता तुझं बघू. सविता माहेरी मालेगावला गेली तेव्हा तोच सिनेमा पाहून आली. म्हणते, मामांना दगडू दिसला कुठं? नव्या सिनेमात दगडूच्या जागी एक बाई आहे. स्कूटर चालवते, शेषरावांना मागं बसवते, खुनीही तीच धरते. शेषराव नुसते चहा पितात. दोनदा पाहिलास ना? मग त्या बाईला मिशी कुठून फुटली रे?

मी डोळे मिटून विचार केला, तसेही उघडून उपयोग नाही. शेषरावांपायी ज्यानं शाळा बुडवली, मार खाल्ला, त्याच्या गावात सिनेमा लागतो आणि तो जात नाही. का? भाऊबीजेला ओवाळणी तू ताटात न टाकता रांगोळीत टाकलीस. तुला दिसलं नाही, मला तर नाहीच. सवितानं उचलली. थेटरातल्या अंधारात तुला पायऱ्या दिसत नाहीत, खंडू. तुझाही मोतीबिंदू पिकलाय आणि माझ्या पदराआड लपतोयस.

आधी तू आडवा हो, मग मी. माया पातळ करू नकोस.
अक्का

अंबड
८ डिसेंबर २००४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

धरलंस. कुसालाही सांगितलं नव्हतं. आता तुझं पत्र तिनंच मला वाचून दाखवलं, तेव्हा घरात माझी काय पूजा झाली ते विचारू नकोस. भीती वाटते गं. तुला करून घ्यायला लावावं, तुला दिसायला लागलं तरच स्वतः जावं, असा डाव होता. लाज वाटते, पण होता.

दोघांना एकाच दिवसाची तारीख घेतली आहे. डॉक्टर म्हणाले, बहीणभाऊ एकाच मांडवात. पहिला नंबर माझा. तू ये मात्र. तू आल्याशिवाय मी आत जायचा नाही.
वाट पाहणारा,
खंडू

नामपूर
९ जानेवारी २००५

चि. खंडूस अनेक आशीर्वाद.

हे माझ्या हातचं पत्र आहे, अक्षराला हसायचं नाही. सविता वैतागलीय. फडताळातली जळमटं आता मला लांबून दिसतात.

पट्टी सुटल्यावर माझ्याकडे बघून तू पहिलं काय बोललास, तर अक्का केवढी म्हातारी झाली! तेही सगळ्या वॉर्डासमोर. मीही तेव्हा तुलाच बघत होते. आईसारखा दिसतोस रे अगदी. कधीपासून? मला कुणी सांगितलंच नाही.

सिनेमा उतरला, उतरू दे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मात्र आधी मी जाणार. आत तू सारखा अक्का बाहेर आहे ना म्हणून ओरडत होतास, आणि बाहेरून आहे, आहे म्हणता म्हणता माझा घसा बसला. आता तू बस बाकावर आणि दे ओ.
तुझीच,
अक्का