कावळा काय म्हणाला

प्रिय शर्बरीदी,

पाकिटावरचं अक्षर अनोळखी बघून तू हे बाजूला ठेवशील, म्हणून आधीच सांगून टाकते. मी मंदिरा, तुझ्या झिनुक-लाट्टूच्या बाबांची दुसरी बायको. पोरं ठणठणीत आहेत, काळजीचं काही नाही. तुला दीदी म्हणायचा हक्क मला कोणी दिलेला नाही, मीच घेतलाय. दुसरं काय म्हणावं ते सुचलंच नाही.

लग्न होऊन कृष्णनगरला आले तेव्हा वाटलं होतं, सासूबाईंशी जमवणं जड जाईल. त्या तर माझ्या हातच्या माशाच्या कालवणावर पहिल्याच आठवड्यात विरघळल्या. अडलं ते लाट्टूपाशी. ताटात भाताचे गोळे मांडून मी आपली "हे कावळ्याचं अंडं, हे बगळ्याचं अंडं" करत बसायची आणि हा चार वर्षांचा बाप्या तोंडाला कुलूप लावून बसायचा. शेवटी त्यानेच फळीवरून हत्तीचं पुस्तक ओढून आणलं. त्या पुस्तकावर तर आपण सगळ्याच वाढलो. म्हातारा हत्ती हरवलेली घंटा शोधत गावभर फिरतो, कुंभाराला विचारतो, कोळ्याला विचारतो. मला अजून पाठ आहे. तुमच्या प्रतीत मात्र पानोपानी हळदीची बोटं आणि वाळलेली डाळ. एका पानाला एक घास, हा तुझा कायदा माझ्या लगेच ध्यानात आला.

मी पहिलं पान वाचलं, घास पुढे केला. लाट्टू म्हणाला, "आणि कावळा काय म्हणाला?" मी चित्र पुन्हा निरखून बघितलं. प्रत्येक चित्रात कोपऱ्यातल्या झाडावर कावळा आहे खरा, पण त्याच्या तोंडी एक शब्द छापलेला नाही. लहानपणापासून इतकं वाचलं, तो मला कधी दिसलाच नव्हता, आणि तू त्याला बोलतं केलंस! मी ठोकून दिलं, "कावळा म्हणाला, हत्तीदादा, आधी जेवून घ्या." लाट्टू ओरडला, "चूक!" दुसऱ्या दिवशी वेगळं काहीतरी रचलं. तेही चूक. झिनुकला विचारलं तर वेणीचं टोक चघळत म्हणाली, "मला माहितेय. पण ते आईचं आहे. तुला नाही सांगणार, मामोनी." दोघं मला मामोनी म्हणतात.

खरं सांगते, रागच आला. भात मी रांधायचा, शाळेच्या रिबिनी मी बांधायच्या, आणि शाबासकी त्या मेल्या कावळ्याला! लाट्टू जेवायचा, पण आजीच्या धाकाने, अर्धपोटी. झिनुक समोर बसून सगळं बघायची आणि गप्प राहायची. मला वाटायचं, सहा वर्षांची पोर, किती हा हट्ट.

परवा सरस्वतीपूजा झाली. जो विषय कच्चा त्याचं पुस्तक देवीच्या पायाशी ठेवायची आपली रीत. झिनुकचं गणित कच्चं, हे तुला मी सांगायला नको. पिवळी साडी गुंडाळून ती आली आणि गणिताच्या पुस्तकावर तिने हत्तीचं पुस्तक ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "हे गं काय? हत्ती काय परीक्षेत येणार आहे?" त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नाही, त्यामुळे दुपारी लाट्टूने भोकाड पसरलं. मीच म्हटलं, "झिनुक, तूच सांग ना गं, तुला तर सगळं येतं."

तिने सुरुवात केली. कुंभाराच्या पानावर कावळा म्हणतो, "कुंभारदादा, सगळी मडकी वाजवून दाखवा, एखादं घंटा निघेल!" लाट्टू खदखदून हसला, त्याने आपणहून आ केला. मीही हसले. दीदी, केवढी मिश्कील आहेस गं तू! पुढे कोळ्याचं पान आलं. हत्ती बोलला, कोळी बोलला, आणि झिनुक थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. मग ताटावर मान घालून म्हणाली, "म्हणून तर देवीजवळ ठेवलंय. मला आठवेनासं झालंय, मामोनी. आईचा कावळा विसरायला होतंय."

पोर माझ्याशी हट्ट करतच नव्हती. जेवढं उरलं होतं तेवढं मुठीत धरून बसली होती. सासूबाई उठून मागच्या दारी गेल्या. या घरात तुझं नाव काढू देत नाहीत त्या, तुला ठाऊकच आहे. हात धुऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "बौमा, शिलिगुडीला पत्र घाल. म्हणावं, मी भांडणार नाही. भांडलेच तर थोडंसं."

आधी वाटलं होतं, कावळा काय म्हणतो ते तुझ्याकडून लिहून मागवावं. मी पाठ करीन, लाट्टू पोटभर जेवेल, मलाही मानाचं पान मिळेल. पण नको, लिहून पाठवू नकोस. मी म्हणायला लागले की हळूहळू तो कावळा माझ्या आवाजात बोलेल, आणि झिनुककडे तुझं म्हणून काही उरणार नाही. पोरं रुळावीत म्हणून तू फोन बंद केलास, तुझ्या नर्सांच्या होस्टेलवर मुलांना ठेवता येत नाही, हे सगळं मला कळतं. दोलपौर्णिमेला, रंग खेळायच्या सुट्टीत, तू स्वतः ये. कोळ्याच्या पानापासून पुढे तू वाच, भाताचे गोळे मी करून देईन. बाकीची पुस्तकं पूजेच्या दुसऱ्याच दिवशी उचलली. हत्तीचं पुस्तक अजून देवीच्या पायाशी आहे. झिनुक कोणाला हात लावू देत नाही.

वाट बघणारी,
तुझीच,
मंदिरा